मोरीवरचा साबण

अलिबागच्या एका हॉटेलात मी बशा विसळायचो. दिवसभर एकच टब, तेच तेलकट पाणी. मालक सकाळी गल्ल्यावर गोमूत्र शिंपडायचा. मोरीवर साबणाची वडी नाही! तपासणीचे साहेब येणार म्हटलं की आमच्या डोक्यावर टोप्या, कच्ची सुरमई शिजल्या भातावरून खाली. साहेब परवाना बघायचे, सोलकढी प्यायचे, चालते व्हायचे.

दोस्तांनो, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचे नियम सांगतात: कामगाराला हात धुवायला साबण-पाणी, वर्षाला डॉक्टरी तपासणी. मला कधी मिळाली?

याच जिल्ह्यात १९२७ साली आपण महाडच्या तळ्याचं पाणी प्यालो, तर ह्यांनी शेण-गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केलं. शेण चाललं, माणूस नाही!

सोवळं म्हणजे स्वच्छता नव्हे. जंतू जात विचारत नाहीत. आधी मोरीवर साबण ठेवा, मग भिंतीवर परवाना टांगा!