फोटो कोणाच्या हुकमाने?

१९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली याच दिवशी पॅरिसमध्ये फ्रेंच संशोधक दागेरच्या छायाचित्रण तंत्राची कृती जाहीर झाली. आपल्याकडे ‘जुनी मुंबई’चे फोटो मोबाइलवर एरवीही फिरत असतात. रुंद मोकळे रस्ते, दगडी इमारती आणि खाली ठरलेली हळहळ : काय देखणे शहर होते! हळहळ खरी आहे. पण या फोटोंना साक्षीदार मानायचे, तर त्यांची उलटतपासणीही व्हायला हवी.

रस्ते मोकळे दिसतात, याचे एक कारण तांत्रिक आहे. सुरुवातीच्या कॅमेऱ्यात फोटो उमटायला बराच वेळ लागे, त्यामुळे चालती माणसे उमटतच नसत. दागेरने १८३८च्या सुमारास टिपलेला पॅरिसचा वर्दळीचा रस्ता ओस दिसतो. बूट पुसून घेणारा एक जण थांबला होता, म्हणून तेवढा उरला. दुसरे कारण सत्तेचे. कॅमेरा महाग होता आणि त्याने काय टिपायचे, हे मूठभर लोक ठरवत.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकही या कलेत लवकर उतरले. पण त्या काळातले मुंबईचे गाजलेले पुस्तक आहे छायाचित्रकार विल्यम जॉन्सनचे, १८६३ ते १८६६ दरम्यान निघालेले. त्यात शहरातल्या लोकांची जातवार, जमातवार मांडणी आहे. माणसांचे फोटो वेगळे काढले, आकृत्या कापल्या आणि शहराच्या दृश्यांवर चिकटवल्या. नीट पाहिले, तर अंगावरचा उजेड आणि मागचा उजेड जुळत नाही. ज्या शहरात ही माणसे राबत होती, त्याच शहरात त्यांना नमुने म्हणून वरून डकवले गेले.

प्लेगचे फोटो याहून बोलके आहेत. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी रोग ओळखला. पुढे जनरल गॅटेकरच्या प्लेग समितीच्या कामाचे फोटो निघाले : घरे धुणारे बंब, तपासणीची पथके, रुग्णालयातल्या खाटांच्या सरळ रांगा. सगळीकडे शिस्त. मात्र ऑक्टोबर १८९६मध्ये आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेलेल्या गिरणी कामगारांचा संताप या रांगांत कुठेच दिसत नाही. पुण्यात हाच संताप २२ जून १८९७च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्यांपर्यंत गेला. कॅमेरा पथकाच्या बाजूला उभा होता. दार ठोठावल्यावर आत काय घडले, ते त्याला दिसणार नव्हते.

म्हणून हे फोटो फेकून द्यायचे नाहीत, उलट अधिक जपायचे. पण संग्रहालयांनी फोटोखाली साल आणि ठिकाण यांच्या जोडीला हुकूम कोणाचा आणि खर्च कोणाचा, हेही छापावे. त्याच भिंतीवर चाळीतल्या ट्रंकांमधले फोटोही लावावेत : गॅलरीतले बारसे, गल्लीतला गणपती, गिरणीच्या दारातली गेटसभा. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली अनेक कुटुंबे डोंबिवली, विरार, कोकणात पांगली. फोटोतल्या माणसांना नावानिशी ओळखणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. पालिकेने आणि विद्यापीठाने ही नावे टिपून घ्यायला माणसे पाठवावीत, याच वर्षी.