दोष नशेचा की नशा करणाऱ्याचा?

जानेवारी २०१८ मधील ही घटना. कॅनडातील कॅलगरी शहरात एका महाविद्यालयीन तरुणाने मित्राकडील मेजवानीत मद्य घेतले आणि भ्रम निर्माण करणाऱ्या अळंब्या खाल्ल्या. रात्र सरता सरता त्याचे भान पूर्ण हरपले. विवस्त्र अवस्थेत तो थंडीत धावत सुटला, एका अनोळखी प्राध्यापिकेच्या घरात घुसला आणि झाडूच्या तुटलेल्या दांड्याने त्याने तिला बेदम मारले. तिच्या हाताला कायमची इजा झाली. तरुणाचा आणि तिचा कसलाही परिचय नव्हता, वैर तर दूरच.

१३ मे २०२२ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्या तरुणाची निर्दोष मुक्तता पुन्हा बहाल केली.

हे वाचून कोणाही सज्जनाचा संताप व्हावा, हे स्वाभाविक आहे. परंतु निकाल वाचून संतापणे सोपे असते. तो समजून घेणे अधिक आवश्यक असते.

फौजदारी कायद्याची इमारत दोन खांबांवर उभी आहे. पहिला खांब कृतीचा, दुसरा मनाचा. हात उगारला गेला, एवढ्याने अपराध सिद्ध होत नाही. तो हात त्या माणसाच्या इच्छेने उगारला गेला पाहिजे आणि त्यामागे दोषी मनही असले पाहिजे. झोपेत चालणाऱ्याच्या हातून काही घडले, तर आपण त्याला गुन्हेगार म्हणत नाही. कारण शरीर त्याचे असले, तरी त्यावर त्याचा ताबा नसतो. नशेमुळे एखाद्याची अवस्था नेमकी अशीच झाली तर? कॅनडाचा कायदा गेली तीन दशके या प्रश्नाशी झुंजतो आहे.

या झुंजीचा आरंभ १९८९ मधील क्वेबेक प्रांतातील एका प्रकरणाने झाला. अंशतः पक्षाघात झालेल्या, चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या ६५ वर्षांच्या वृद्धेवर लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप एका मद्यासक्त इसमावर होता. आपल्याला काहीच आठवत नाही, हा त्याचा बचाव. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की, जवळजवळ वेडाच्या पातळीला पोहोचलेली नशा आरोपीने स्वतः सिद्ध केली, तर तो बचाव ग्राह्य धरावा लागेल. न्यायालयाने नव्याने खटला चालवण्याचा आदेश दिला. देशभर क्षोभ उसळला आणि पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, संसदेने दंडसंहितेत कलम ३३.१ घातले. स्वतःहून नशा करून दुसऱ्याच्या शरीराला इजा करणाऱ्याला अशा गुन्ह्यांत हा बचाव मिळणार नाही, असे त्या कलमाने बजावले.

२०२२ मध्ये न्यायालयाने हेच कलम घटनाबाह्य ठरवले. न्या. निकोलस कासिरर यांनी लिहिलेल्या या निकालाचे सार असे : संसदेचा हेतू रास्त होता, पण तिने निवडलेली वाट सदोष होती. नशा करण्याचा निर्णय हाच हिंसा करण्याचा निर्णय होता, असे ते कलम गृहीत धरून चालत होते. असे होऊ शकेल याची त्या माणसाला कल्पना यायला हवी होती का, हे विचारायला त्यात जागाच नव्हती. न्यायालयाने एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे सांगितली. नुसता दारूचा अंमल हा मारहाणीसारख्या गुन्ह्यांत बचाव नाही. हा प्रश्न स्वतःच्या शरीरावरील ताबा पूर्णपणे सुटलेल्या दुर्मीळ अवस्थेपुरताच आहे.

संसदेने तत्परता दाखवली. १७ जून २०२२ रोजी विधेयक मांडले गेले आणि २३ जूनला त्याचा कायदा झाला. आता भान हरपलेला माणूसही दोषी ठरू शकतो. मात्र नशा करताना त्याने सुज्ञ माणसाकडून अपेक्षित असलेली काळजी ठळकपणे सोडली होती, हे सिद्ध व्हावे लागते. या पदार्थाने किंवा त्याच्या मिश्रणाने आपले भान जाईल आणि आपल्या हातून कोणाला इजा होईल, हा धोका आधी ओळखता येण्यासारखा होता काय, हे न्यायालय तपासते.

आपल्याकडे हीच गाठ निराळ्या रीतीने सोडवलेली आहे. स्वतःहून नशा करणाऱ्याला शुद्धीवरच्या माणसाइतकेच ज्ञान होते, असे १८६० ची भारतीय दंडसंहिता मानत असे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिताही तेच मानते. नकळत किंवा बळजबरीने नशा करवली गेली असेल, त्यालाच पूर्ण बचाव मिळतो.

प्रस्तुत लेखकाच्या मते कॅनडाच्या नव्या कायद्याने दोषाची जागा अचूक हेरली आहे. दोष शोधायचा तो दांडा उगारला त्या क्षणात नव्हे, तर त्याआधी, प्याला उचलला त्या क्षणात. त्या क्षणी माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, निवड करू शकतो, नाही म्हणू शकतो. डॉक्टरांनी दिलेले औषध घेऊन अनपेक्षितपणे भान गमावणारा रुग्ण आणि मौजेखातर अनोळखी पदार्थ मद्यात मिसळणारा तरुण यांना एकाच तराजूत तोलणे अन्याय्यच ठरले असते.

तरीही एक चिंता उरते. धोका ओळखता येण्याजोगा होता, हे सिद्ध करण्याचा भार सरकारी पक्षावर आहे. तो पेलणे अवघड जाईल, असा आक्षेप काही महिला संघटनांनी घेतला आणि तो डावलण्याजोगा नाही. नशेतील हिंसेचे घाव बहुधा स्त्रियांनाच सोसावे लागतात. ‘मला कसे कळणार?’ हा प्रश्न जर प्रत्येक आरोपीची ढाल होऊ लागला, तर कायदा कागदावरच राहील. अशा पदार्थांचे परिणाम आज सर्वांना ठाऊक आहेत. तेव्हा अज्ञानाचा दावा न्यायालयांनी सहजासहजी मान्य करू नये.

कॅलगरीच्या त्या प्राध्यापिकेला नव्या कायद्याचा लाभ नाही. तो मागे जाऊन लागू होत नाही. तिचा हात अधू झाला आणि कायद्याच्या दृष्टीने अपराधी कोणीच नाही. निरपराधाला शिक्षा न देणे हा न्यायाचा धर्म खराच. पण जखमी माणसाने दाराशी येऊन ‘मग दोष कोणाचा?’ असे विचारले, तर त्याला उत्तर देणे हाही न्यायाचाच धर्म आहे. ते उत्तर द्यायला कॅनडाला २८ वर्षे लागली. विवेक गहाण टाकण्याचे स्वातंत्र्य ज्याला हवे, त्याने त्याची किंमतही मोजली पाहिजे. ती दुसऱ्या कोणाला मोजावी लागू नये.