चहालाही पत्रिकेत जागा हवी
पुण्यात पायथन, लिनक्स यांच्या जाणकारांचे जे मेळावे भरतात, त्यांतील ‘लाइटनिंग टॉक’, म्हणजे पाचेक मिनिटांत आटोपायचे भाषण, प्रोजेक्टरची केबल जुळेपर्यंतच पुष्कळदा निम्मे सरते. खरी सभा नंतर शेजारच्या अमृततुल्यात भरते, जिथे एखाद्या ज्येष्ठाला महिनाभर छळणारा बग, म्हणजे आज्ञावलीतील दोष, कॉलेजातली मुलगी बशीत चहा ओतता ओतता दाखवून देते. कॅलिफोर्नियात ५ मार्च १९७५ रोजी एका गॅरेजमध्ये सुरू झालेल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबने हे मर्म ओळखून अशा मोकळ्या देवाणघेवाणीला ‘रँडम ॲक्सेस’ या नावाने सभेतच वेळ राखून ठेवला होता, आणि ॲपलचा पहिला संगणकही याच क्लबात सभासदांपुढे आला. तेव्हा संयोजकांनी खुशाल एक व्याख्यान कमी करावे आणि चहाची वेळ पत्रिकेत छापावी.