चेटकिणीच्या आधी भूक दाखवा

पारनेर तालुक्यातल्या एका शाळेसाठी मी सध्या ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’चं मराठी बालनाट्य लिहितोय. शाळेचं म्हणणं एवढंच आहे, की चेटकीण राहू द्या, पण आईबापच मुलांना रानात सोडून येतात तो भाग काढा. समोर पालक बसलेले असतात. मुलं वाट चुकली असं दाखवा. सूचना चांगल्या मनानं आली आहे, तरी मला ती मान्य नाही.

ही कात्री नवी नाही. ग्रिम बंधूंच्या 1812च्या पहिल्या आवृत्तीत मुलांना सोडण्याचा आग्रह धरणारी बाई त्यांची सख्खी आई आहे. 1840च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. पुढे हुम्परडिंकचा ऑपेरा 1893मध्ये वायमारच्या रंगमंचावर आला. त्याचे शब्द त्याच्या बहिणीने, आडेलहाइड वेट्टेने लिहिले होते. त्यात आई रागाच्या भरात मुलांना स्ट्रॉबेरी वेचायला पाठवते आणि नंतर आईबाप त्यांना शोधत फिरतात. म्हणजे घरातलं पाप थोडं थोडं करत पुसलं गेलं, भट्टीत ढकलायची म्हातारी मात्र कायम राहिली.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. मूळ कथा सुरू होते दुष्काळापासून. घरात भाकरी नाही, भुकेनं मुलांना झोप येत नाही, म्हणून आईबापांची कुजबुज त्यांच्या कानावर पडते. हे काढलं तर उरतं काय? रानात एकटी राहणारी एक म्हातारी वाईट असते आणि तिला जाळलं की सगळं ठीक होतं, एवढंच. ज्या राज्याला 2013मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, जिथं आजही एखाद्या बाईवर डाकीण म्हणून बोट ठेवलं जातं, तिथं हा धडा निरुपद्रवी नाही. ज्याच्याविषयी गावात आधीच कुजबुज असते, त्याला खलनायक करायला फारशी मेहनत लागत नाही. मुसलमान म्हणून वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चेटकिणीला माझा विरोध नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, 2018च्या नव्या प्रयोगांत वैभव मांगलेंनी केली. मुलं घाबरतात आणि खदखदून हसतातही. ती उघड उघड नाटकातली चेटकीण आहे, शेजारच्या गल्लीतली विधवा नव्हे.

आणि भूक पारनेरला परकी थोडीच आहे? आमच्या दादीच्या तोंडी 1972 म्हणजे खडी फोडणं, सुकडी आणि लाल मिलोची भाकरी. आजही याच जिल्ह्यात पाथर्डी-शेवगावकडची माणसं ऊसतोडीला जातात आणि कितीतरी लेकरं आजीपाशी राहतात. या आईबापांना मुलं नकोशी झालेली नसतात. पण आपल्याला मागं का ठेवलं, हा प्रश्न लेकराच्या मनात असतोच. नाटकानं तो प्रश्न मोठ्यानं विचारला, तर त्या लेकराला आपण एकटे नाही हे कळेल.

म्हणून माझ्या संहितेत पहिला प्रवेश रात्रीचा आहे. रिकामी दुरडी, विझलेली चूल आणि गोधडीखाली जागी असलेली दोन मुलं. पोरगा खिशात भरतो त्या कुकडीच्या पात्रातल्या गारगोट्या. पुढचं घर रेवड्या-बत्ताशांचं. तिथली मालकीण कुबडी म्हातारी नाही. ती गोड बोलणारी, नीटनेटकी बाई आहे आणि दुष्काळातही तिची कोठी भरलेली आहे. तिचा शेवट रंगमंचावर दिसणार नाही. भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आणि अंधार, एवढंच.

लहान मुलं घाबरतील हे खरं. म्हणून पाचवीच्या पुढच्यांसाठीच प्रयोग करावा आणि नंतर शिक्षकांनी मुलांशी बोलावं. पण भीती टाळायची म्हणून खोटं सांगणं हा उपाय नव्हे.

शेवटी मुलं घरी येतात. मूळ कथेत आई तोवर मेलेली असते आणि बाप आनंदतो. मला तेवढ्यावर पडदा पाडायचा नाही. माझ्या नाटकात पोरगी विचारते, “अब्बा असो की आबा, पुढच्या दुष्काळात काय करशील?” बापाला उत्तर सुचत नाही. ते पालकांनी घरी जाताना शोधावं.