टाक्यातला गाळ, भिंतीतला चुना

दिवाळी उरकली की गडांवरच्या श्रमदानाचे मंडळांकडून निरोप फिरायला लागतात. शनिवारी रात्री निघायचं, ताट-वाटी आपापली, हातमोजे असतील तर आणा. येणारे कोण? कुणी कंपनीतला, कुणी रिक्षावाला, कुणी नुकती बारावी झालेली मुलगी. शिधा आणि गाडीभाडंही वर्गणीतून. आपण ज्यांना पडके किल्ले म्हणतो, ते एके काळचं चालतं-बोलतं सरकार होतं. तिथे सदर होती, अंबरखाना होता, दारूकोठार होतं, सबनीस-कारखानिसांचं दफ्तर होतं. मालकी आजही बहुतेक सरकारचीच. काही गड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, काही राज्याच्या, कित्येक वनखात्याच्या हद्दीत. पण झाडू मारायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न सगळीकडे सारखाच. तो या पोरांनी सोडवला, म्हणून मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका गडावर टाकं साफ करताना पाहिलं. कातळात खोदलेलं, वर हिरवी साय, त्यात प्लास्टिकच्या बाटल्या. आधी पाणी उपसलं, मग कमरेइतक्या गाळात चारजण उतरले. तिथून काठापर्यंत माणसांची साखळी, आणि हातोहात घमेली वर. मला आवडलं ते पुढचं. गाळ दरीत लोटून दिला नाही. तो पसरून, सुकवून, चाळणीतून काढला. खापरं निघाली, बांगड्यांचे तुकडे निघाले, एक शिशाची गोळी निघाली. एक मुलगी वहीत प्रत्येक वस्तूची नोंद करत होती: कुठल्या कोपऱ्यात, किती खोलीवर. त्या वस्तू पुरातत्त्व खात्याच्या माणसाच्या हवाली झाल्या. दुपारी तळाच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या आणि काठावर खांब रोवायच्या गोल खळग्या दिसल्या. म्हणजे या टाक्यावर कधीतरी छप्पर होतं! गाळ घाईत उपसून फेकला असता, तर पाणी मिळालं असतं, माहिती गेली असती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरचा केर खाली टाकू नये, जागच्या जागी जाळावा आणि त्या राखेवर परसात भाजीपाला करावा, असं बजावलेलं आहे. तीनशे वर्षांपूर्वीचं हे शहाणपण त्या चाळणीपाशी आठवलं.

पण सगळीकडे असं होत नाही, आणि ते मनाला लागतं. एका गडाच्या दरवाजालगतची भिंत उत्साहाच्या भरात सिमेंटनं लिंपलेली पाहिली. हेतू शंभर टक्के चांगला, परिणाम वाईट. जुन्या भिंतीतला चुना पाणी शोषतो आणि सोडतोही. वरून सिमेंटचं झाकण बसलं की मुरलेलं पाणी भिंतीच्या पोटात कोंडतं आणि पाच-दहा पावसाळ्यांत भिंतीला फुगवटा येतो. कित्येक तट तर चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून रचलेले आहेत. त्यांच्या फटी म्हणजे पाण्याच्या वाटा. त्या बुजवणं म्हणजे तटाचा जीव घोटणं. तटात उगवलेल्या पिंपळाचंही तसंच. मूळ ओढून काढलं तर सोबत चार दगड निखळतात. ते बुंध्याशी कापून जागेवरच मारावं लागतं, आणि तेही जाणत्या माणसासमोर.

लोकांनी पुढाकार घ्यायचा आणि सरकारनं मागून यायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. 1883 मध्ये जेम्स डग्लस या इंग्रजानं मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात रायगडावरच्या शिवसमाधीची दैना लिहिली. त्यावर चर्चा झाली, आणि सरकारनं देखभालीसाठी मंजूर केले वर्षाला पाच रुपये! पुढे 1895 मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून हा विषय लावून धरला, निधी उभा केला आणि 1896 मध्ये रायगडावर उत्सव झाला. समाधीच्या प्रत्यक्ष जीर्णोद्धाराला मात्र 1920 चं दशक उजाडलं. इतक्या वर्षांत किती जणांचा धीर सुटला असेल! तरी काम झालं, कारण वर्गणी, परवानगी आणि कारागिरी या तिन्ही गोष्टी अखेर एका जागी आल्या.

आज त्यातली कारागिरीच तुटपुंजी आहे. 2025 च्या जुलैमध्ये आपले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आनंदच आहे. पण खात्यानं आता प्रत्येक मोठ्या गडाच्या पायथ्याशी चुन्याची घाणी चालू करावी असं मला मनापासून वाटतं. चुना भिजवून मुरवायचा कसा, वाळू किती, विटांची सुरखी किती, हे गावातल्या गवंड्याला आणि पाथरवटाला शिकवा, त्याची रोजची मजुरी द्या. मंडळांना त्याच्या हाताखाली काम करू द्या. पोरांची पाठ मजबूत आहे, शिकायची तयारी आहे. मी त्यांना रात्री शेकोटीपाशी बुरुजाचे नकाशे काढताना पाहिलं आहे.

आणि यंदा ज्या मंडळाचा निरोप तुम्हाला येईल, त्याला जाण्याआधी तीन गोष्टी जरूर विचारा: खात्याचं परवानगीपत्र आहे का, गाळ चाळणार आहात का, आणि भिंतीला हात लावणार असाल तर चुना कोण मळणार आहे?