सरपण फुकट कुणाला?

गोंदिया जिल्ह्यात बैठकांना फिरताना एक हिशेब मी सारखा ऐकते. सिलिंडरला पैसे पडतात, सरपण फुकट मिळते. म्हणून उज्ज्वलाचा सिलिंडर कोपऱ्यात, पाहुण्यांच्या चहापुरता. मैत्रिणींनो, फुकट कुणाला? मोळी बाई आणते. धानाची रोवणी, तेंदूपत्ता, मोहफुले यांतून वेळ काढून, वाघाची धास्ती मनात ठेवून. त्या श्रमाला मजुरी नाही म्हणून किंमत शून्य. धूर तर हिशेबात येतच नाही.

धुराचे सूक्ष्म कण थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात. वर्षानुवर्षे सूज राहून श्वासाच्या नळ्या अरुंद होतात आणि पुढे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. हे ज्ञान कालचे नाही. फुफ्फुसाच्या रोगातून होणाऱ्या हृदयविकाराचा अभ्यास दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली मांडला आणि बायकांच्या बाबतीत बोट चुलीच्या धुराकडे दाखवले. एक बाई डॉक्टर होत्या म्हणून दिसले असेल का? मला तसे वाटते.

दवाखान्यात मात्र अजून विचारतात, विडी ओढता का? बाई ‘नाही’ म्हणते. मग दमा, नाहीतर वय. चूल किती वर्षे फुंकली, हा प्रश्न केसपेपरवर मी तरी पाहिलेला नाही. कापडगिरणीत कापसाच्या धुळीने छाती गेली, तर कायदा त्याला कामाचा आजार मानतो. चुलीपुढे छाती गेली, तर मानत नाही, कारण स्वयंपाक हे कामच नव्हे!

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली झाला. अशा प्रकल्पांलगतच्या गावांत वनखात्याच्या जनवन विकास योजनेतून गॅस जोडण्या दिल्या गेल्या, त्या जंगलावरचा भार कमी व्हावा म्हणून. जंगल राहायलाच हवे, त्यावर आपलेही पोट आहे. पण झाडासाठी गॅस आणि बाईच्या छातीसाठी काय?

२०२४ साली राज्याने वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. त्यातही आधी पैसे भरा, मग खात्यात परत. रोजमजुरीच्या घरात ‘आधी’ कुठून आणायचे? आणि तीन सिलिंडरांनंतर पुन्हा मोळीच.

येत्या महिला ग्रामसभेत दोन ठराव घेऊ या. सिलिंडर घेताना पैसे भरायला लागू नयेत. आणि ग्रामीण रुग्णालयात श्वास मोजायचे यंत्र असावे, केसपेपरवर चुलीची वर्षे लिहावीत. ठरावाची नक्कल सचिवाकडून सही-शिक्क्यानिशी मागून घ्या.