जुना कॉम्प्युटर घेताय? डब्याचा नाही, कामाचा भाव करा

पुसेगाव म्हटलं की लोकांना साताऱ्याचं आठवतं. आपण बोलतोय हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावाबद्दल. इथं लग्नपत्रिका, बिलबुकं आणि फॉर्म भरायचं दुकान टाकायचं अनेकांच्या डोक्यात असतं. त्यातच कुणीतरी सांगतं, "अमक्याचं डीटीपीचं दुकान बंद होतंय, अख्खा सेट स्वस्तात देतोय." घ्यावा का?

माझं मत स्पष्ट आहे. घ्या, पण तो कॉम्प्युटर कोणतं काम करून पैसे मिळवणार, हे आधी ठरवा. ते सांगता येत नसेल तर फुकट मिळाला तरी महागच.

जुन्या मशीनला खरी किंमत कशामुळे असते? आपल्याकडं डीटीपीचं काम वर्षानुवर्षं पेजमेकरवर आणि श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरवर झालं. ते फॉन्ट युनिकोडचे नव्हते. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या नव्या लॅपटॉपवर उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून ज्या मशीनवर जुन्या पत्रिका, बिलबुकं, लेटरहेड जशीच्या तशी उघडतात, त्या मशीनसोबत तयार कामाचा साठा मिळतो. जुना दुकानदार पाठीशी असेल तर गिऱ्हाईकही मिळतं.

इथंच पहिली फसगत होते. यातली बरीच सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय चालत नाहीत. जुने डोंगल तर प्रिंटरच्या मोठ्या पोर्टला लागायचे. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. त्यामुळं डोंगल, सीडी आणि खरेदीची पावती हे तिन्ही मागा. लायसन्स तुमच्या नावावर होईल का, हे कंपनीला फोन करून आधीच विचारा. कॉपी मारलेलं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा एक रुपयाही भावात धरू नका.

दुसरी गोष्ट. हे मशीन इंटरनेटला जोडायचं नाही. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशा मशीनवर लोकांचं आधार, बँक पासबुक उघडणं म्हणजे गावाचा विश्वास पणाला लावणं. फॉर्म भरायला दुसरं, विंडोज ११ नीट चालणारं मशीन ठेवा. एकाच जुन्या डब्यावर दोन्ही धंदे करायचा मोह टाळा.

आता पैसे देण्याआधी काय बघायचं?

– विकणाऱ्याच्याच जागेवर मशीन तासभर चालू ठेवा. "काका, एक जुनी पत्रिका उघडून प्रिंट काढून दाखवा," असं सरळ म्हणा. लाजू नका.
– तारीख-वेळ दर वेळी मागं जात असेल तर आतला सेल संपलाय. हा खर्च किरकोळ आहे. पण मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले तर व्यवहार सोडा.
– हार्ड डिस्क कधीही जाईल असंच समजा. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे कामाच्या फायलींची कॉपी.
– त्यात जुन्या गिऱ्हाइकांची आधार, पॅनची स्कॅन कॉपी असेल तर ती विकणाऱ्यासमोरच काढून टाका. तो माल तुमचा नाही.

ओळखीचा माणूस असला तरी कागद करा. सीरियल नंबर, किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या एका विक्रीपत्रावर घ्या. पैसे यूपीआयनं द्या, म्हणजे नोंद राहते. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणं गुन्हा आहे. बिल नाही, सीरियल नंबर खरवडलेला आणि भाव निम्म्याहून कमी, असं दिसलं तर हात जोडून निघा.

भाव कसा करायचा? समजा, सेट ६,००० रुपयांना आहे आणि एका पत्रिकेमागं खर्च जाऊन तुमच्या हातात ३०० रुपये राहतात. म्हणजे २० पत्रिकांत मशीन फिटलं. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईत एवढ्या पत्रिका मिळतील का? हो असेल तर घ्या. एका लग्नसराईत पैसे निघत नसतील तर सोडा. जुन्या मशीनला दुसरी लग्नसराई बघायला मिळेलच याची खात्री कुणी देत नाही.

सोयाबीनचे, हळदीचे किंवा आईचे दागिने ठेवून आणलेले पैसे असतात हे. "स्वस्त मिळालं" या एका वाक्यावर ते घालवू नका. या आठवड्यात कागद-पेन घ्या आणि लिहा, की हे मशीन पहिल्या महिन्यात कोणत्या पाच गिऱ्हाइकांचं काम करणार. पाच नावं लिहिता आली, तर मगच भाव करायला जा.